जुन्या गाडीच्या इसीयूमधले फॉल्ट कोड घरच्या घरी कसे वाचायचे

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी गॅरेजला जाते, स्कॅनरवर एका सेन्सरचं नाव दिसतं आणि तो सेन्सर बदलला जातो. आठवड्याने दिवा परत लागतो. हा प्रकार जुन्या गाड्यांच्या बाबतीत इतक्या वेळा घडतो, की कोड वाचायला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की केलेली बरी: कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही, तो सर्किटचं नाव सांगतो. सेन्सर, त्याचा कपलर, दोन-तीन वायरी, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी) आणि खुद्द इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हे सगळं मिळून एक सर्किट होतं. त्यातून येणारा सिग्नल अपेक्षित मर्यादेबाहेर गेला, एवढंच इसीयूला कळतं. का गेला, हे मल्टिमीटर घेऊन आपल्याला शोधावं लागतं.

पुढची माहिती साधारण १९९० ते २०१२ या काळातल्या, इंजेक्शनवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल तर वाचायला इसीयूच नाही.

१. आधी सामान जमवा

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण डीसी व्होल्ट, ओहम आणि कंटिन्युइटीचा बझर हवा.
- फूटभर वायर, दोन्ही टोकं सोललेली. दिव्याच्या लुकलुकीतून कोड काढताना दोन पिना जोडायला, म्हणजे जंपर म्हणून लागते.
- गाडीला १६ पिनांचं सॉकेट असेल तर ब्लूटूथ किंवा वायफायचा ईएलएम ३२७ ॲडॉप्टर (इसीयूतले कोड फोनवर पाठवणारा).
- काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि बारीक ब्रश.
- तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंग डायग्रॅमसकट. गाडीबरोबर येणारं मालकाचं पुस्तक या कामाला पुरत नाही.
- रेडिओला चोरीविरोधी कोड असेल तर तो. बॅटरी काढायची वेळ आली तर रेडिओ लॉक होतो.
- वही आणि पेन.

बल्बवाला टेस्ट लॅम्प या कामातून बाजूला ठेवा. फ्यूज, हॉर्न, हेडलाइट तपासायला तो उत्तम, पण त्याचा बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा झेलायला इसीयूचे सिग्नल सर्किट बनवलेले नसतात. चुकीच्या वायरीला एकदा टेकवला तरी इसीयूतला ड्रायव्हर (करंट सोडणारा छोटा ट्रान्झिस्टर) जळू शकतो.

२. दिवा आणि बॅटरी तपासा

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघा, कारण दोष दुरुस्त करण्यापेक्षा बल्ब काढणं स्वस्त पडतं. शंका आली तर मीटरचं कन्सोल खोलून बघण्याची अट घाला.

मग बॅटरी. इंजिन बंद असताना टर्मिनलवर १२.४ व्होल्ट किंवा जास्त, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. याहून कमी असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि टर्मिनलची घाण याकडे बघा. व्होल्टेज पडलं की इसीयू एकाच वेळी चार सेन्सरवर आळ घेतो आणि त्यातला एकही दोषी नसतो.

गाडी चालवताना दिवा स्थिर असेल तर बेताने चालवत घरी येता येतं. ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ठरावीक पद्धतीने सांगण्याचं मानक) असलेल्या गाडीत दिवा सारखा उघडझाप करत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतंय. रेस कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा.

३. गाडी कुठल्या पिढीची ते ठरवा

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ मध्ये आलं. भारतात बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. म्हणून २००५ ची भारतीय गाडी आणि त्याच वर्षाची, त्याच नावाची परदेशी गाडी यांत कोड काढायची पद्धत वेगळी असू शकते. परदेशातल्या मालकांचे व्हिडिओ बघून आपल्या गाडीत पिना जोडू नका.

ढोबळ विभागणी अशी:

- १६ पिनांचं सॉकेट नाही: दिव्याची लुकलुक मोजायची. कलम ४ बघा.
- १६ पिनांचं सॉकेट आहे: कलम ५.

इथे नवखे हमखास फसतात. सॉकेट १६ पिनांचं आहे म्हणजे गाडी ओबीडी-२ ची भाषा बोलतेच असं नाही. २०१० च्या आधीच्या कितीतरी भारतीय गाड्यांना सॉकेट तसंच आहे, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. अशा गाडीशी ईएलएम ३२७ जुळत नाही. तिथे ॲडॉप्टर बदलत बसण्यापेक्षा त्या कंपनीची भाषा जाणणारा मल्टिब्रँड स्कॅनर ज्या गॅरेजमध्ये आहे तिथून कोड काढून घ्या, आणि कलम ७ पासूनचं काम घरी करा.

४. लुकलुक मोजून कोड काढणे

उदाहरण म्हणून नव्वदच्या दशकातल्या होंडा घेऊ. भारतात १९९८ मध्ये आलेली पहिली सिटी याच पिढीची. डॅशबोर्डखाली, ग्लव्ह बॉक्सच्या बाजूला एक छोटा दोन पिनांचा कपलर कशालाही न जोडलेला असतो. त्याच्याजवळच तीन पिनांचा दुसरा कपलर असतो. तो स्कॅनरसाठी आहे, त्याला वायर लावू नका. पिना मोजून खात्री करा.

१. चावी पूर्ण बंद.
२. दोन पिनांच्या कपलरमध्ये जंपर वायर घालून दोन्ही पिना एकमेकींना जोडा.
३. फोनचा व्हिडिओ चालू करून मीटरसमोर धरा. डोळ्यांनी मोजताना हमखास चूक होते, व्हिडिओ परत बघता येतो.
४. चावी ऑन करा. इंजिन चालू करायचं नाही.
५. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे १४. सहा छोट्या म्हणजे ६. कोड एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये थोडं थांबून पुढचा येतो आणि सगळे संपले की पहिल्यापासून सुरू होतं. निदान तीन फेऱ्या रेकॉर्ड करा.
६. दिवा नुसता लागून राहिला, लुकलुकला नाही, तर साठवलेला कोड नाही.
७. चावी बंद करून जंपर काढा. तो तसाच राहिला तर दिवा कायम लागलेला राहील आणि उगाच घाबरायला होईल.

या पिढीच्या होंडात नेहमी भेटणारे कोड: १ ऑक्सिजन सेन्सर, ३ आणि ५ मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), ४ क्रँक सेन्सर, ६ कूलंट टेंपरेचर, ७ थ्रॉटल पोझिशन, ८ टीडीसी सेन्सर (पिस्टन सर्वांत वर आल्याचं सांगणारा), ९ सिलिंडर पोझिशन, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १४ आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, १५ इग्निशन आउटपुट, १६ इंजेक्टर, १७ व्हेइकल स्पीड सेन्सर, २१ आणि २२ व्हीटेकचा (होंडाच्या व्हॉल्व्ह नियंत्रणाचा) सोलेनॉइड व प्रेशर स्विच, ४१ ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. मॉडेलप्रमाणे एखादा कोड बदलतो, म्हणून मॅन्युअलशी ताडून घ्या. तुमच्या गाडीत जो भागच नाही त्याचा कोड मिळाला, तर बहुतेक मोजणी चुकलेली असते.

सुझुकीच्या जुन्या पद्धतीत आधी दशकाच्या लुकलुकी, मग विराम, मग एककाच्या. प्रत्येक कोड तीनदा येतो. तिथे १२ हा आकडा आला तर आनंद माना, १२ म्हणजे दोष नाही. डायग्नोसिसच्या पिनांची जागा मात्र मॉडेलप्रमाणे बदलते आणि शेजारच्या पिनेत सप्लाय असू शकतो, त्यामुळे डायग्रॅम न बघता जंपर लावू नये. आखातात किंवा न्यूझीलंडमध्ये जुनी टोयोटा वापरणाऱ्यांना बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत टीई१ आणि ई१ अशी नावं झाकणावर लिहिलेली सापडतील. त्या दोन जोडल्यावर दिवा एकसारखा भरभर लुकलुकत राहिला तर कोड नाही.

५. १६ पिनांच्या सॉकेटवर ॲडॉप्टर लावणे

सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं. पिन १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, ४ आणि ५ अर्थ. ॲडॉप्टर लावल्यावर त्याचा दिवा लागला नाही तर आधी फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरशी सामाईक असतो, आणि मोबाइल चार्जरने तो उडालेला असतो.

ॲडॉप्टर घेताना: आयफोनला जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्या. अँड्रॉइडला कुठलाही चालतो, जोडताना पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. बाजारात “व्हर्जन २.१” म्हणून मिळणाऱ्या अगदी स्वस्त नकला जुन्या गाड्यांशी धड बोलत नाहीत, कारण त्यातल्या काहींत जुने प्रोटोकॉलच (इसीयूशी बोलायच्या भाषा) नीट चालत नाहीत. जुन्या गाडीसाठी हा मुद्दा किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. २००८ च्या आधीची बरीच वाहनं पिन ७ वरच्या के-लाइनवर, म्हणजे आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी प्रोटोकॉलवर बोलतात. पिन ६ आणि १४ वरचा कॅन हा प्रोटोकॉल नंतर रुळला.

चावी ऑन करून टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप जोडा. के-लाइनवर ओळख व्हायला काही सेकंद लागतात, लगेच हार मानू नका. ऑटोवर जुळत नसेल तर सेटिंगमध्ये प्रोटोकॉल हाताने निवडून बघा. लाइव्ह डेटा बघताना एकावेळी दोन-तीनच आकडे निवडा. के-लाइन सावकाश चालते, दहा आकडे मागितले तर प्रत्येक आकडा शिळा होऊन येतो.

काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. आठवडाभर उभ्या गाडीत तो बॅटरी पीत राहतो.

६. कोडची रचना

पहिलं अक्षर: पी म्हणजे इंजिन-गिअर, बी बॉडी, सी चॅसी, यू नेटवर्क. त्यानंतर ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर त्या कंपनीचा खास, त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका. तिसरी जागा विभाग सांगते: १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ प्रदूषण नियंत्रण, ५ वेग आणि आयडलिंग, ६ इसीयू, ७ आणि ८ गिअरबॉक्स.

नेहमीचे काही: पी०११३ हवेच्या तापमानाचा सिग्नल जास्त, पी०११८ कूलंट तापमानाचा सिग्नल जास्त, पी०१२२ थ्रॉटलचा सिग्नल कमी, पी०१७१ मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०३०० कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ त्या-त्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी, पी०५०० स्पीड सेन्सर.

पी०४२० वर लगेच कन्व्हर्टर बदलू नका, तो सगळ्यात महागडा पार्ट आहे. सायलेन्सरच्या जोडात गळती असेल किंवा इंजिन मिसिंग करत असेल तरी हा कोड येतो. आधी ते मिटवा.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर वेगळी सावधगिरी. जुन्या किटमध्ये इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी कापून मध्ये एम्युलेटर बसवलेला असतो, म्हणजे इसीयूला खोटा सिग्नल दिला जातो. मिश्रणाचे आणि ऑक्सिजन सेन्सरचे कोड अशा गाडीत गॅसवर वाचून काही कळत नाही. कोड पुसा, दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, मग वाचा. त्या कापलेल्या वायरींचे जोडही तपासा, नुसती टेप गुंडाळलेली असते.

७. पुसण्याआधी सगळं लिहून घ्या

कोड, तो साठवलेला आहे की पेंडिंग (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला), आणि फ्रीझ फ्रेम. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, कूलंटचं तापमान, वेग, लोड आणि फ्युएल ट्रिम (इसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट) किती होते ते फ्रीझ फ्रेममध्ये असतं. क्लिअरचं बटण दाबलं की हे सगळं जातं आणि परत मिळत नाही. नवख्याकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

पी०१७१ चं उदाहरण घ्या. लाँग टर्म ट्रिम आयडलवर +२० टक्के आणि २५०० आरपीएमवर +५ पर्यंत उतरत असेल, तर इनटेकला कुठेतरी हवा शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, गास्केट. उलट रेस वाढवल्यावर ट्रिम आणखी चढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, प्रेशर. मात्र हे गणित हवेचं वजन मोजणाऱ्या, म्हणजे मॅफ सेन्सरच्या गाड्यांना लागू पडतं. जुन्या होंडा-मारुतींसारख्या मॅप सेन्सरच्या गाडीत शिरलेली हवा दाबात मोजली जाते आणि इसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो. तिथे हीच गळती चढलेल्या किंवा वरखाली होणाऱ्या आयडलिंगमध्ये दिसते.

एकाच वेळी पाच-सहा कोड आले असतील तर सेन्सर मोजत बसू नका. त्यांचा सामाईक अर्थ किंवा सामाईक ५ व्होल्ट सप्लाय शोधा.

८. सर्किट तपासणे

कूलंट सेन्सरचा पी०११८ किंवा होंडाचा कोड ६ घेऊ, कारण यावर सगळी पद्धत शिकता येते. इसीयू एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी. वायर तुटली तर व्होल्टेज खाली खेचणारं काही उरत नाही, इसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि तो समजतो बाहेर उणे ४० अंश आहे. “सिग्नल जास्त” चा अर्थ म्हणूनच बहुतेकदा वायर किंवा कपलर उघडा, “सिग्नल कमी” म्हणजे अर्थला शॉर्ट.

चावी बंद करून कपलर काढा. लॉकची पट्टी दाबून कपलर ओढायचा, वायरी ओढायच्या नाहीत. जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं. आत नीट बघा. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. एखादी पिन मागे सरकलेली असते. वायर कपलरच्या तोंडाशी आतून तुटलेली आणि वरचं इन्सुलेशन शाबूत, हेही सर्रास दिसतं. बोटाने हलकेच वाकवलं की ती जागा मऊ लागते. पावसाळ्यानंतर बॉनेटखाली उंदराने कुरतडलेल्या वायरी शोधा.

आता मोजणी:

१. सेन्सरच्या दोन पिनांत रोध मोजा. बहुतेक जपानी गाड्यांत २० अंशांना सुमारे २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना २०० ते ४०० ओहम. नेमके आकडे मॅन्युअलमध्ये.
२. चावी ऑन करून कपलरच्या दोन पिनांत व्होल्टेज मोजा. साधारण ५ हवेत.
३. लाइव्ह डेटा मिळत असेल तर कपलर काढलेला ठेवा, उणे ४० च्या आसपास दिसेल. कपलरच्या दोन्ही पिना जंपरने जोडा, आकडा एकदम १२० च्या वर उडायला हवा. उडाला तर वायरिंग आणि इसीयू ठीक, सेन्सर बदला. नाही उडाला तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, वायर शोधा.

ही जंपरची युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी. तीन वायरींच्या थ्रॉटल किंवा मॅप सेन्सरवर केलीत तर ५ व्होल्टचा सप्लायच अर्थला जाईल.

थ्रॉटल सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. सिग्नल बंद थ्रॉटलला साधारण ०.५ आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या जवळ. ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबा आणि आकडा सलग चढतोय का बघा. मध्येच शून्याकडे झेप घेतली तर आतला ट्रॅक झिजलाय. गाडी त्याच जागी झटका देत असणार.

अर्थ तपासायला इंजिन चालू, हेडलाइट चालू. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सेन्सरच्या अर्थ वायरीला. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर इंजिन ते बॉडीची पट्टी आणि इसीयूच्या अर्थचा बोल्ट काढून, घासून परत आवळा. कंटिन्युइटीचा बझर इथे फसवतो. एकच तार शिल्लक असलेली वायरही बीप देते, लोड आला की मान टाकते.

अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी लाइव्ह डेटा बघत वायरिंग हळूहळू हलवा. ज्या जागी आकडा उडी मारेल तिथे दोष.

९. कोड पुसणे आणि खात्री

दुरुस्तीनंतर ॲपमधून पुसा. लुकलुक पिढीच्या गाडीत मॅन्युअलमध्ये दिलेला इसीयूचा बॅकअप फ्यूज थोडा वेळ काढतात. बॅटरी काढणं शेवटचा मार्ग, रेडिओ कोड जातो आणि आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं.

ओबीडी-२ मध्ये बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. म्हणून संध्याकाळी एक चक्कर मारून दिवा लागला नाही म्हणजे काम फत्ते, असं धरू नका. थंड इंजिनपासून सुरू करून पूर्ण गरम होईपर्यंत, थोडं शहरात, थोडं हायवेवर, अशा दोन-तीन फेऱ्या करा आणि पेंडिंग कोड बघा. न पुसता दोष नाहीसा झाला तर सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपणच विझतो, आणि ४० वॉर्म-अप फेऱ्यांनंतर कोडही जातो.

१०. दोष आहे, पण कोड नाही

इसीयू फक्त ज्या सर्किटवर त्याची नजर आहे तेवढंच सांगतो. प्लग, पेट्रोल प्रेशर, तुंबलेला फिल्टर यांबद्दल जुना इसीयू गप्प असतो.

जुन्या होंडात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे मेन रिले. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की सुरू होत नाही, संध्याकाळी गार झाल्यावर पहिल्या सेल्फला सुरू होते, कोड एकही नाही. चावी ऑन करून कान द्या: मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद घूं असा आवाज यायला हवा. गरम असताना आवाज नाही आणि गार असताना आहे, तर ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असलेला रिले काढा, डबी उघडा आणि सर्किट बोर्डाची सोल्डरची बाजू भिंगाखाली बघा. पिनेभोवती बारीक गोल चीर दिसेल. त्या सगळ्या पिना पुन्हा सोल्डर करा, थंड झाल्यावर डबी बंद करून रिले बसवा, आणि भर दुपारी उन्हात गाडी उभी करून परत पंपाचा आवाज तपासा.